चार महिने तंबाखूला शिवलो नाही, तरी मोंढ्यात पाऊल ठेवताच तलफ का आली?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. 22 वर्षांची चुना-तंबाखूची सवय आपण पुण्यात मुलाकडे राहायला गेलात तेव्हा सोडली. तिथे चार महिने तंबाखूची चिमूटही तोंडात गेली नाही आणि पहिला पंधरवडा सरल्यावर विशेष त्रासही जाणवला नाही. मग सोयाबीन विकण्यासाठी आपण गावी आलात, माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीवर चहा झाला, शेजारी बसलेल्या गृहस्थांनी तळहातावर तंबाखू मळायला घेतली, आणि त्याच क्षणी तोंडाला पाणी सुटून आपला हात नकळत बंडीच्या खिशाकडे गेला. आपण तंबाखू खाल्ली नाहीत, परंतु तेव्हापासून दोन शंका आपल्याला सतावत आहेत: शरीरात निकोटीन अजून उरले आहे का, आणि आपला निश्चयच कच्चा आहे का.

दोन्ही शंकांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मराठवाड्यात व्यसनमुक्तीचे काम करताना हाच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत सतत ऐकायला मिळतो आणि त्याचे नीट उत्तर न मिळाल्यामुळे अनेक माणसे स्वतःला दोष देत पुन्हा तंबाखूकडे वळतात, म्हणून मी ते जरा विस्ताराने देतो.

प्रथम निकोटीन उरल्याची शंका. रक्तातील निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. त्यापासून शरीरात तयार होणारे कोटिनीन अधिक काळ रेंगाळते, तरी काही दिवसांत तेही निघून जाते. वर्षानुवर्षे निकोटीन मिळत राहिल्यामुळे मेंदूतील निकोटिनिक रिसेप्टरांची संख्या वाढलेली असते. ज्या सूक्ष्म जागी निकोटीन जाऊन चिकटते, त्या जागा म्हणजे हे रिसेप्टर. धूम्रपान सोडलेल्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत ही वाढलेली संख्या 6 ते 12 आठवड्यांत पूर्ववत होत असल्याचे दिसले आहे. चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणे हा सोडतानाचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे आपण मोंढ्यात पाऊल ठेवले तेव्हा आपले शरीर निकोटीनमुक्त होते. आडतीवर जागे झाले ते मेंदूने एकदा शिकून ठेवलेले काहीतरी होते.

ते शिकणे कसे घडते, हे समजण्यासाठी निकोटीनचा प्रवास पाहावा लागतो. विडी-सिगारेटच्या धुरातून निकोटीन 10 ते 20 सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तंबाखूत चुना मिसळला की तिचा आम्लधर्म जातो, मिश्रण अल्कधर्मी होते, आणि अशा अवस्थेतील निकोटीन गालाच्या व ओठाच्या आतील पातळ त्वचेतून सहज रक्तात उतरते. धुराइतका झटका त्यात नसतो, मात्र चिमूट ओठाखाली असेपर्यंत पुरवठा चालू राहतो. मेंदूत गेलेले निकोटीन मध्यमेंदूतील व्हेंट्रल टेगमेंटल एरिया या भागातील पेशींना उत्तेजित करते आणि त्या पेशींचे तंतू जिथे पोहोचतात त्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स या केंद्रात डोपामिन सोडले जाते. याला फार मोठी मात्राही लागत नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिगारेटच्या एक-दोन झुरक्यांनीच या प्रकारचे जवळपास निम्मे रिसेप्टर व्यापले गेल्याचे आढळले होते.

डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन, असे सर्रास सांगितले जाते. ते अपुरे आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या बाबतीत दिशाभूल करणारे आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की अनपेक्षितपणे गोड रस मिळाला की डोपामिन पेशी जोरात प्रतिसाद देतात, पण रसाच्या आधी दरवेळी दिवा लागू लागला की काही काळाने त्या रसाला प्रतिसाद देणे थांबवतात आणि दिवा लागताक्षणीच उसळतात. दिवा लागूनही रस आला नाही, तर रसाच्या नेमक्या वेळी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. पीटर डेयन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासह 1997 मध्ये त्यांनी याची जी मांडणी केली, तिचा सारांश असा की या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील फरक मोजतात, आणि त्या फरकावरून मेंदू शिकतो की कशाच्या मागे काय येते.

आता हेच आडतीवर लावून पाहा. 22 वर्षे चहानंतर तंबाखू, मापानंतर तंबाखू, विक्रीची पट्टी हातात पडल्यावर तंबाखू असा क्रम हजारो वेळा घडला आहे. त्यामुळे डोपामिनची उसळी तंबाखूच्या आधी सरकत सरकत चहाच्या कपावर, मळण्याच्या आवाजावर, चुन्याच्या वासावर येऊन बसली आहे. शेजारच्यांनी तळहातावर थाप मारली तेव्हा आपल्या मेंदूने तंबाखू ‘आता येणार’ असे गृहीत धरले. ती आली नाही, तेव्हा अपेक्षेची खाली घसरण झाली आणि तीच आपल्याला बेचैनी म्हणून जाणवली.

इथे एक भेद लक्षात घेणे फार आवश्यक आहे. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी 1993 मध्ये असे मांडले की एखादी गोष्ट आवडणे आणि ती हवीशी वाटणे या मेंदूतील वेगळ्या प्रक्रिया आहेत आणि व्यसनात दुसरी प्रक्रिया पहिलीला सोडून स्वतंत्रपणे वाढत जाते. ‘डॉक्टर, आता तंबाखूत काही राम राहिला नाही, तरी खाल्ल्याशिवाय राहवत नाही’ असे जुने तंबाखू खाणारे सांगतात, तेव्हा ते हाच भेद अचूकपणे सांगत असतात. म्हणून तलफ आली याचा अर्थ आपल्याला अजूनही तंबाखू आवडते असा नाही, आणि मनाच्या कोपऱ्यात आपण ती सोडलेलीच नाही, असा तर मुळीच नाही.

निकोटीनचा आणखी एक गुण सामान्य वाचकांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही. अँथनी कॅजिउला, एरिक डॉनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की कळ दाबल्यावर निकोटीनबरोबर दिव्याची खूण मिळत असेल तर उंदीर ती कळ कितीतरी अधिक वेळा दाबतात, आणि खूण काढून घेतली तर निकोटीन चालू असूनही त्यांचे दाबणे बरेच घटते. निकोटीन स्वतः सौम्य बक्षीस आहे, मात्र आजूबाजूला जे असेल त्याचे मोल ते वाढवते. तंबाखूबरोबर येणारा चहा, गप्पा, झाडाखालचा विसावा या साध्या गोष्टींना निकोटीनने आपल्या मेंदूत अवाजवी वजन मिळवून दिले आहे. निकोटीन काढून टाकलेली सिगारेट ओढल्यावरही धूम्रपान करणाऱ्यांची तलफ काही वेळापुरती शमते, ही प्रयोगांत दिसलेली गोष्ट याच्याशी जुळणारी आहे. मळणे, चिमटीत धरणे, ओठ ओढून आत ठेवणे या कृतींनाच मेंदू अर्धी तंबाखू मानतो.

हे सारे मेंदूच्या एकाच ठिकाणी साठवलेले नसते. खुणेला भावनिक वजन देण्याचे काम अ‍ॅमिग्डालाकडे असते. हिप्पोकॅम्पस जागेचा संदर्भ सांभाळतो आणि ‘हा मोंढा आहे’ हे सांगतो. वर्षानुवर्षांच्या पुनरावृत्तीने कृतीचा ताबा स्ट्रायटम या मेंदूच्या खोल भागातील केंद्राच्या वरच्या बाजूकडे जातो आणि मग संध्याकाळी रानातून सुटलेले बैल न हाकताही जसे गोठ्याची वाट धरतात, तसा हात विचाराआधीच खिशाकडे जातो. शरीराच्या आतली जाणीव, म्हणजे तोंडाला सुटलेले पाणी, घशातील ओढ, पोटातील अस्वस्थता, इन्सुला नावाच्या भागात उमटते. अर्धांगवायू किंवा अन्य कारणाने मेंदूला इजा झालेल्या 69 धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 19 जणांच्या इन्सुलाला इजा होती, आणि धूम्रपान सहज, तात्काळ व पुन्हा ओढ न वाटता सुटण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा खूपच जास्त होते. त्यांतील एकाने आपले शरीरच ती ओढ विसरून गेल्याचे सांगितले होते. तलफ ही शरीरात उमटणारी खरी जाणीव आहे, ‘मनाचे खेळ’ म्हणून ती झटकून टाकता येत नाही, हे नातेवाइकांनीही समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

आपल्या भागात या खुणांचे जाळे अधिक दाट का असते, याचे कारण तंबाखूच्या प्रकारात आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण सुमारे 3.8 टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे सुमारे 24.4 टक्के. विडी ओढणाऱ्याला थांबावे लागते, काडी पेटवावी लागते, एस.टी.त, कार्यालयात, दवाखान्यात ती ओढता येत नाही, त्यामुळे त्याच्या खुणा काही ठरावीक जागांपुरत्या राहतात. ओठाखालची तंबाखू मात्र नांगरताना, कापूस वेचताना, बसच्या प्रवासात, ग्रामपंचायतीच्या बैठकीत, भजनाला बसल्यावरही चालू असते, म्हणून माणसाच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक जागा आणि प्रत्येक काम तिच्याशी बांधले जाते. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत पहाटेची चूल आणि तव्यावर तंबाखू भाजतानाचा वास हीच खूण होते, आणि चूल काही टाळता येत नाही. सकाळी तंबाखू घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रारही अनेकांची खरी असते: निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवते आणि वर्षांच्या सवयीने शौचाची वेळ तंबाखूला बांधली जाते. तंबाखू सोडल्यावर काही आठवडे कोमट पाणी, पालेभाज्या आणि ठरलेली वेळ यांनी हा बांध सुटतो.

शिवाय आपल्याकडे तंबाखू ही देवघेव आहे. अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करायचे तर ‘तंबाखू हाय का?’ एवढे पुरते, आणि मळलेल्या तंबाखूतील अर्धी समोरच्याच्या हातावर ठेवणे हा मान समजला जातो. त्यामुळे माणसे हीदेखील खुणा होतात, आणि नकार देताना आपण तंबाखू नाकारतो की माणूस नाकारतो, असा संकोच मनात येतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो: पुण्यात जे सोपे गेले ते गावी कठीण का झाले? व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी 1970 च्या दशकात केलेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले फक्त 5 टक्क्यांच्या आसपास होते. त्यामागे अनेक कारणे होती, परंतु ज्या जागा, माणसे आणि प्रसंग यांच्याशी नशा बांधली गेली होती ते सारे मागे राहिले, हे एक मोठे कारण मानले जाते. आपल्या बाबतीत पुणे ही ती दूरची भूमी होती. तिथे मोंढा नव्हता, पार नव्हता, मळून देणारा हात नव्हता. आपले तंबाखू सोडणे खरे होते, पण मोंढ्यातली शिकवण पुण्यात तपासलीच गेली नव्हती.

मार्क बूटन यांच्या प्राण्यांवरील दीर्घ संशोधनाचा निष्कर्ष इथे लागू पडतो. खूण पुन्हा पुन्हा दिसूनही बक्षीस आले नाही तर प्रतिसाद क्षीण होतो, मात्र जुने शिकणे पुसले जात नाही, त्याच्यावर ‘इथे आता मिळत नाही’ असे नवे शिकणे चढते. आणि हे नवे शिकणे ज्या जागी झाले त्या जागेला अधिक बांधलेले असते. त्यामुळेच दवाखान्यात तंबाखूची चित्रे व वस्तू दाखवून तलफ मारण्याच्या उपचारांना अपेक्षित यश आले नाही. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर शांत राहिलेला रुग्ण गावच्या स्टँडवर उतरताच तंबाखू मागतो, आणि ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर असताना सोडलेली तंबाखू बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतल्यावर पुन्हा सुरू होते, यामागे हेच कारण मला दिसते. पिट्सबर्ग विद्यापीठातील सिंथिया कॉंकलिन यांनी तर दाखवले आहे की सिगारेट, राखदाणी यांपैकी काहीही नसलेल्या, केवळ धूम्रपानाच्या नेहमीच्या जागेच्या छायाचित्रानेही तलफ वाढते. रिकामा मोंढासुद्धा पुरेसा असतो.

एक सावधगिरीची गोष्ट. तलफेची सर्वसाधारण पातळी दिवसेंदिवस कमी होत असली, तरी खूण समोर आल्यावर उठणारी तलफ सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उलट वाढत जाते, असे आधी उंदरांत आणि पुढे 2011 मध्ये धूम्रपान सोडणाऱ्या माणसांतही आढळले आहे. म्हणून ‘आता इतके दिवस झाले, आता काही भीती नाही’ हा हिशेब खुणांच्या बाबतीत चालत नाही.

मग करायचे काय? माझ्या मते सोडण्याचे काम आपल्याला आता गावात, जागा जागा घेऊन, पूर्ण करावे लागेल, आणि ते होण्यासारखे आहे.

आठवडाभर एक लहान वही जवळ बाळगा आणि तलफ आली की वेळ, जागा, सोबत कोण, आधी काय केले आणि ती किती तीव्र होती एवढे लिहा. बहुतेकांच्या वहीत तीन-चार प्रसंगच पुन्हा पुन्हा येतात, उरलेल्यांची चिंता करण्याचे कारण नसते. ज्या खुणा घरातल्या आहेत त्या मोडून टाका: जुनी चंची, चुन्याची डबी, बंडीच्या खिशातली तंबाखूची पूड, हे सारे घराबाहेर काढा आणि बंडी धुऊन घ्या, कारण वासाची खूण फार चिवट असते. घरात वडीलधारी व्यक्ती तंबाखू खात असेल तर त्यांनी ती सोडावी असा हट्ट आज धरू नका, त्यांनी ती आपल्यासमोर मळू नये आणि डबी नजरेआड ठेवावी एवढीच विनंती करा. जेवणानंतरची तलफ असेल तर शेवटचा घास होताच उठून दात घासा.

मोंढा टाळता येणार नाही, आणि कायमचा टाळणे हिताचेही नाही, कारण तिथे न जाता तिथली शिकवण बदलणार नाही. पण सुरुवातीच्या खेपा तयारीने कराव्यात. तंबाखू न खाणारा एखादा माणूस सोबत घ्या, गर्दीची वेळ सोडून जा, काम संपताच निघा, आणि पुढच्या खेपांत मुक्काम थोडाथोडा वाढवा. नकाराचे वाक्य घरूनच ठरवून ठेवा. ‘सोडली, दादा, डॉक्टरांनी बंद केली’ एवढे मराठवाड्यात कोणालाही चालते आणि कोणाचा मानही जात नाही. चहा आला की लगेच काय करायचे हेही आधीच ठरलेले असावे: कप ठेवला की उठायचे, चूळ भरायची आणि दोन-चार बडीशेपेचे दाणे तोंडात टाकायचे. तलफेची एक लाट बहुधा काही मिनिटांत चढून ओसरते, तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतलेले असणे पुरते. बडीशेप किंवा ओवा चालेल, सुपारी मात्र नको. सुपारी स्वतः कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केले आहे, आणि तिची सवयही लागते.

औषधांबद्दल. निकोटीनचा पॅच दिवसभराची पार्श्वभूमीची ओढ कमी करतो, परंतु खूण समोर आल्यावर अचानक उठणारी तलफ त्याने फारशी थांबत नाही. त्या वेळी च्युइंगगम किंवा चघळण्याची गोळी अधिक उपयोगी पडते. चार महिन्यांनी पुन्हा निकोटीन घेण्याची बहुतेकांना गरज नसते, मात्र तलफ आवरत नसेल तर तंबाखूपेक्षा गम केव्हाही बरे. ते सुपारीसारखे कराकरा चावू नये. हळूहळू चावून तोंडात चुणचुण जाणवली की गालाशी दाबून ठेवावे, चुणचुण गेली की पुन्हा चावावे. त्यातील निकोटीन रक्तात पुरेसे उतरायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून ते मोंढ्यात पोहोचण्याआधीच सुरू करावे. गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना चहा घेऊ नये, कारण आम्लधर्मी पेयाने तोंडातील निकोटीन शोषले जात नाही, आणि मग ‘गमने काही होत नाही’ असा गैरसमज होतो. व्हरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल किंवा पोटात अल्सर असेल तर गमही विचारूनच सुरू करावे.

दारूच्या बैठकीपासून निदान सहा महिने दूर राहा. हात खिशाकडे जाताना त्याला अडवणारा मेंदूचा पुढचा भाग दारूने सर्वांत आधी ढिला पडतो आणि तंबाखूची जुनी खूण त्याच वेळी समोर असते.

आणि समजा एखाद्या दिवशी चिमूट तोंडात गेलीच, तर ती थुंकून टाका, चूळ भरा आणि त्याच दिवशी वहीत प्रसंग लिहा. एका चिमटीने चार महिने वाया जात नाहीत. मात्र ‘फक्त बाजाराच्या दिवशी एक चिमूट’ अशी सवलत स्वतःला देऊ नका, कारण कधी मिळते आणि कधी मिळत नाही अशा बक्षिसाने शिकलेली गोष्ट नियमित बक्षिसाने शिकलेल्या गोष्टीपेक्षा विझायला फार जड जाते. महिन्यातून एकदा घेतलेली तंबाखू मोंढ्याची, चहाची आणि त्या सोबत्यांची खूण उरलेले सारे दिवस जिवंत ठेवते.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे यांपैकी काही असेल तर तलफेचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या. सोडण्याच्या मदतीसाठी जिल्हा रुग्णालयातील तंबाखू मुक्ती केंद्रात जाता येईल, आणि 1800-11-2356 या राष्ट्रीय विनामूल्य क्रमांकावरही सल्ला मिळतो. तिथे जाताना किंवा दूरध्वनी करताना ती वही जवळ ठेवा, कारण ‘तलफ येते’ एवढ्यावर समुपदेशकाला फार थोडे सांगता येते, आणि ‘मंगळवारी आडतीवर, दुसऱ्या चहानंतर’ असे कळले की नेमके सांगता येते.